दोन मजल्यांच्या मध्ये

काडीमोड झाला तेव्हा सगळ्याची वाटणी झाली.
वेल्डिंगचं यंत्र मुर्मानला, व्हॅन मला,
पाने निम्मे निम्मे. चौदाचा पाना मुळात हरवलेलाच होता,
त्यावरून उगाच तासभर भांडलो.
नंबर तेवढा वाटता येईना.

ग्लदानीतल्या एकशे अकरा लिफ्टांमध्ये तो आहे,
नाणी टाकायच्या डब्याच्या वर, पत्र्यावर.
लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मी स्वतः ठोकलाय,
एकेक आकडा, हातोडीनं.
अडकलात तर फोन करा.
खाली कुणीतरी खिळ्यानं कोरलंय: आणि वाट बघा.

म्हणून ठरलं, एक आठवडा त्याच्याकडे, एक माझ्याकडे.
पूर्वी कार्ड होतं, नखाएवढं.
काडेपेटीत घालून शेजारच्या पोराच्या हाती धाडायचे.
काम भागायचं, तोंड बघावं लागायचं नाही.
मग नवे फोन घेतले आणि कार्डच संपलं.
कंपनीतली मुलगी म्हणाली, आता आत काही घालायचं नसतं,
नंबर फोनमध्येच मुरलेला असतो.
एकातून दुसऱ्यात न्यायचा तर दोन्ही फोन जवळ ठेवायचे.
जवळ म्हणजे किती, मी विचारलं.
तिनं दोन्ही तळहात टेबलावर शेजारी शेजारी ठेवून दाखवले.

तर दर रविवारी रात्री नऊला,
अख्मेतेली मेट्रोबाहेरचं पावाचं दुकान,
भट्टीशेजारचा ओटा.
मुर्मान बाहीनं पीठ पुसतो,
माझा फोन ठेवतो, मग त्याचा.
पडदा विचारतो, हा नंबर या फोनवरून काढायचा?
नक्की?
कोर्टानंसुद्धा एकदाच विचारलं होतं.

मग माझ्याकडच्या रेंजच्या दांड्या जातात
आणि त्याच्याकडे अजून आलेल्या नसतात.
तीन मिनिटं, कधी चार,
नंबर ना घरचा ना घाटचा.
ग्लदानीत कुणी अडकलं तर अडकलं.
तो म्हणतो, बाराव्या ब्लॉकचा दोर बदलायला आलाय.
मी म्हणते, आधी ब्रेक बघ.
त्याच्या कोटाचं वरचं बटण हिरव्या दोऱ्यानं शिवलेलं आहे.
हिरवा दोरा आमच्या घरात कधी नव्हता.
मी भट्टीकडे बघते.
भट्टीवाला आत वाकून भिंतीवर कणीक थापतो,
इतका वाकतो की नुसते पाय दिसतात.

एकदा नऊ मिनिटं लागली.
चक्र फिरतंय, फिरतंय.
दुसऱ्या दिवशी सेवेरियान म्हातारा व्हॅनपुढे उभा,
सातव्या ब्लॉकचा, सहाव्या-सातव्या मजल्याच्या मध्ये लटकलेला.
म्हणाला, फोन लावला तर कुणी बाई म्हणते संपर्काबाहेर.
बरं म्हटलं. सोबत अक्रोडांचं पोतं होतं, त्यावर बसलो,
जोड्याच्या टाचेनं फोडून खाल्ले, अर्धा किलो तरी.
दार उघडलं ते शेवटी माझ्या सुनेनं, पहारीनं.
तुम्ही दोघं होतात कुठे?
मी म्हटलं, इथेच. जवळच.
त्यानं खिशातून चार अक्रोड काढून दिले,
दोन तुला, दोन त्याला.
त्याचे दोन मी अजून दिलेले नाहीत.

परवा बिल भरायला गेले तर मुलगी म्हणते,
अजून फोन शेजारी ठेवता? कशाला?
आता कोड पाठवायचा, समोरच्यानं घरबसल्या उघडायचा,
तो बातुमीला असला काय, चंद्रावर असला काय.
जूनच्या वीस तारखेला सगळ्यांना कळवलंय,
तुमच्या नंबरवर मेसेज आला नाही?

मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर आठवडे मोजत मागे गेले.
एक माझा, एक त्याचा, एक माझा.
पुन्हा मोजले.
वीस जूनला नंबर मुर्मानकडे होता.

म्हणजे अकरा रविवार.

आज नऊला पोचले तर तो आधीच आलेला,
ओटा पुसलेला, बाही पांढरी.
काढ फोन, म्हणाला.
मी पिशवीत शोधायला लागले.
वरच होता. तरी खालपर्यंत शोधला.